वाचक विचारतात : यंत्राकडून गाणे मागताना

शब्दांत वर्णन लिहून दिले की गाणे किंवा नुसते वाद्यसंगीत तयार करून देणाऱ्या साधनांविषयी या महिन्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत आणि सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. बहुतेक पत्रलेखक सुनो वापरतात, काहींनी युडिओ किंवा स्टेबल ऑडिओ वापरून पाहिले आहे. त्यामुळे उत्तरांतील उदाहरणेही त्याच साधनांची आहेत.

प्रश्न : आमचा महिला बचत गट केळीचे वेफर्स तयार करतो. दुकानांत आणि मोबाइलवर वाजवण्यासाठी छोटे गाणे हवे म्हणून मी सुनोवर लिहिले, 'कृपया आमच्या वेफर्ससाठी सुंदर, आकर्षक, हृदयाला भिडणारे आणि सर्वांना आवडेल असे गाणे बनव.' जे आले ते हिंदी चित्रपटातल्या विरहगीतासारखे होते. माझे काय चुकले?
— बचत गटाच्या सचिव, रावेर तालुका

उत्तर : आपल्या वाक्यात गाण्याच्या नादाविषयी काही सांगणारा शब्दप्रयोग एकच आहे, तो म्हणजे 'हृदयाला भिडणारे', आणि यंत्राने नेमका तोच उचललेला दिसतो. 'सुंदर', 'आकर्षक', 'सर्वांना आवडेल' या शब्दांतून कानाला काहीच कळत नाही. गाणे खेळकर असावे, बायकांच्या घोळक्याने म्हटल्यासारखे असावे, हे आपल्या मनात नक्कीच होते. ते लिहिण्यात मात्र आले नाही.

ही साधने शिकतात कशी, हे थोडे समजून घेतले तर पुढचे बरेच काम सोपे होते. ध्वनिमुद्रण आणि त्याचे थोडक्यात लिहिलेले वर्णन अशा जोड्या त्यांना फार मोठ्या संख्येने दाखवल्या जातात. मेटा कंपनीने जून २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या म्युझिकजेन या मॉडेलचा तपशील खुला आहे : परवाना घेतलेले सुमारे २०,००० तासांचे संगीत आणि त्यासोबतची वर्णने यांवर ते शिकवले गेले. व्यापारी कंपन्या आपला तपशील इतक्या मोकळेपणाने सांगत नाहीत, पण शब्द आणि नाद यांची सांगड घालण्याचे तत्त्व सगळीकडे तेच आहे. अशा वर्णनांत संगीताचा प्रकार, लय, वाद्ये, आवाजाची जात, भाव आणि ध्वनिमुद्रणाचा पोत एवढेच असते. त्यांत 'कृपया' नसते आणि 'बनव'ही नसते. म्हणून प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला द्यायचे वर्णन, लिहिताना आपण विनंती करतो आहोत असे समजू नये. गाणे आधीच झालेले आहे, आपण ते ऐकले आहे आणि ज्याने ते ऐकलेले नाही त्याला ते कसे होते हे सांगतो आहोत, अशा रीतीने लिहावे. लग्नात बँडवाल्याला 'मस्त वाजवा' एवढेच म्हटले तर तो आपल्या हाताला बसलेले वाजवतो. यंत्रही अशा वेळी सवयीच्या वाटेने जाते, आणि मराठी किंवा हिंदी शब्द दिसले की ती वाट बहुधा चित्रपटगीताकडे वळते.

आपल्या गाण्यासाठी सुनोतील शैलीच्या चौकटीत (गाण्याच्या शब्दांची चौकट वेगळी असते) असे लिहून पाहावे : 'अकॉस्टिक फोक पॉप जिंगल, १०० बीपीएम, ढोलकी, हँडक्लॅप्स, हार्मोनियम, ब्राइट फीमेल लीड, विमेन्स ग्रूप आन्सरिंग इन युनिसन, प्लेफुल, ड्राय क्लोज रेकॉर्डिंग'. येथे ते देवनागरीत छापले असले तरी प्रत्यक्षात रोमन लिपीत, इंग्रजीत लिहावे, कारण शिकवताना वापरलेली वर्णने बहुतांशी इंग्रजीत असतात आणि मराठीत लिहिलेली शैली यंत्राला अर्धवटच कळते. गाण्याचे शब्द मात्र मराठीत आणि देवनागरीतच द्यावेत.

यातील प्रत्येक शब्द कशासाठी आहे तेही पाहा. 'अकॉस्टिक' म्हटल्यामुळे कीबोर्डवरचे सिंथचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, सूर बाजूला राहतात. १०० हा आकडा म्हणजे मिनिटाला १०० ठोके, टाळी वाजवत सहज म्हणता येईल अशी लय. एक बाई ओळ म्हणते आणि बाकीच्या एका सुरात उत्तर देतात हे सांगितल्यामुळे गटाचे गाणे गटाचेच वाटेल. शेवटचे 'ड्राय क्लोज रेकॉर्डिंग' हे शब्द बहुतेक जण विसरतात. दुकानातल्या लहान स्पीकरवर घुमणारा, दुरून आल्यासारखा आवाज शब्द खाऊन टाकतो. तोंडाजवळ माइक धरून, प्रतिध्वनीविना केलेल्या मुद्रणाचे वर्णन दिले की शब्द स्वच्छ ऐकू येतात, आणि जाहिरातीत गटाचे नाव कळणे हे संगीतापेक्षाही महत्त्वाचे असते.

सुरुवातीच्या दोन-तीन शब्दांचा परिणाम सर्वांत जास्त होतो असा सर्वसाधारण अनुभव आहे, म्हणून प्रकार आणि लय आधी लिहावी. आठ-दहा गुणांच्या पुढे गेल्यास यंत्र त्यांतील काही सोडून देते, आणि कोणते सोडेल यावर आपला ताबा नसतो. 'शांत' आणि 'जोशपूर्ण' असे एकमेकांना छेद देणारे शब्द एकत्र लिहिले तर दोन्हींच्या मधले काहीतरी मिळमिळीत हाती येते.

आता शब्दांकडे. 'आमच्या महिला बचत गटाने तयार केलेले शंभर टक्के शुद्ध शेंगदाणा तेलातले वेफर्स' ही ओळ आपण पत्रात दिली आहे. ती पाकिटावर शोभेल; गाण्यात ती कोंबली की यंत्र निम्मी अक्षरे धावत म्हणते. त्याऐवजी अशा दोन ओळी घ्याव्यात :

पिवळी चकती, कुरकुर करती,
डबा उघडता लगेच सरती

दोन्हींत सोळा मात्रा आहेत आणि चार-चार मात्रांवर किंवा त्यांच्या आसपास शब्द तुटतो, म्हणून चाल आपोआप बसते. गटाचे नाव ध्रुपदात घालून ते दोनदा यावे. तेलाची माहिती गाण्यात आणण्याचा हट्ट सोडून द्यावा.

प्रश्न : प्रॉम्प्टमध्ये '३० सेकंद' असे स्पष्ट लिहूनही गाणे अडीच-तीन मिनिटांचेच येते. काय करावे?
— एक दुकानदार, चोपडा

उत्तर : सुनोमध्ये गाण्याची लांबी शैलीच्या चौकटीतल्या आकड्यावर ठरत नाही, ती मुख्यतः दिलेल्या शब्दांवर ठरते. चार ओळी द्याव्यात, त्यांखाली चौकटी कंसात इंग्रजीत 'एंड' लिहावे, आणि तरीही गाणे पुढे रेंगाळले तर ते फोनवरच्या साध्या ॲपने कापावे. स्टेबल ऑडिओमध्ये कालावधीची वेगळी सोय आहे. शब्द नको असतील, नुसती धून हवी असेल, तर ते साधन अधिक सोयीचे पडेल.

प्रश्न : श्रावणात आमच्या गल्लीत कानबाई देवी बसते. या वर्षी मिरवणुकीसाठी अहिराणीत नवे गाणे करावे असे ठरले. शब्द आमचेच आहेत, पण यंत्र ते हिंदी माणसाने वाचावेत तसे गाते. 'ळ' तर त्याला येतच नाही. शैलीत 'अहिराणी' लिहूनही फरक पडला नाही.
— महिला मंडळ, अमळनेर

उत्तर : फरक पडणार नाही, कारण ज्या वर्णनांवर यंत्र शिकले त्यांत 'अहिराणी' हा शब्द जवळजवळ नसणार. यंत्र देवनागरी अक्षरे पाहते आणि देवनागरीतले त्याने सर्वाधिक ऐकलेले गाणे हिंदी असल्यामुळे हिंदी उच्चाराकडे झुकते. म्हणून शैलीच्या चौकटीत भाषेचे नाव लिहिण्यापेक्षा शब्दांच्या चौकटीत उच्चार लिहिण्याकडे लक्ष द्यावे. गाण्याची एक प्रत वाचण्यासाठी, शुद्ध लिहिलेली, आणि दुसरी यंत्रासाठी, कानाला ऐकू येते तशी, अशा दोन प्रती ठेवाव्यात.

मराठी आणि अहिराणी या दोहोंना उपयोगी पडतील अशा काही युक्त्या येथे देतो. 'चाक'मधला 'च' यंत्र 'चहा'तल्या 'च'सारखा म्हणते. तेथे 'त्साक' लिहिले की उच्चार बराच जवळ येतो. 'जग'मधल्या 'ज'साठी खाली नुक्ता देऊन 'ज़ग' लिहावे. 'ज्ञान' हे 'ग्यान' होते, म्हणून 'द्न्यान' लिहावे. बोलीतल्या 'केलं', 'गेलं' यांच्या शेवटच्या अनुस्वाराचा यंत्र नाकातून उच्चार करते किंवा तेथे चक्क 'म' लावते. चालीत बसत असेल तर 'केले', 'गेले' करावे, नाहीतर 'केल-अ' असे फोडून लिहावे. आकडे अक्षरांत लिहावेत. स्वर लांबवायचा असेल तेथे 'मा-आ-य' अशी आडवी रेघ घालून लिहावे.

'ळ'ला खात्रीचा उपाय नाही. काही जण 'ड़' लिहून पाहतात. एखाद्या शब्दात ते साधते, दुसऱ्यात बिघडते. जो शब्द ध्रुपदात वारंवार येणार आहे त्यात 'ळ' नसलेला पर्याय मिळतो का ते आधी पाहावे, आणि कडव्यात एखाद-दुसरा 'ळ' चुकला तर तेवढा भाग पुन्हा गाऊन घेण्याची सोय वापरावी. सुनोच्या सशुल्क योजनेत गाण्याचा निवडलेला तुकडाच बदलता येतो, त्यामुळे जमलेल्या बाकीच्या गाण्यावर पाणी सोडावे लागत नाही.

आपण पाठवलेल्या शब्दांपैकी 'कानबाई माय उनी आंगनमा' ही ओळ यंत्रासाठीही चांगली आहे, कारण तीत जोडाक्षर नाही आणि बहुतेक शब्द स्वरावर संपतात. याउलट 'मन्हा', 'तुन्हा', 'ऱ्हायना' यांसारख्या शब्दांत 'ह' गिळला जातो. तेथे 'मन-हा' असे लिहून पाहावे, आणि तरीही ऐकायला परके वाटले तर तो शब्द ओळीच्या मध्यभागी न ठेवता टोकाला न्यावा, म्हणजे यंत्राला तो म्हणायला अवकाश मिळेल.

शैलीसाठी : 'ट्रॅडिशनल इंडियन विमेन्स प्रोसेशन साँग, कॉल अँड रिस्पॉन्स, ओपन-थ्रोटेड फीमेल व्होकल्स, हँड ड्रम्स, फिंगर सिंबल्स, ११० बीपीएम, लाइव्ह आउटडोअर रेकॉर्डिंग'. 'ओपन-थ्रोटेड' म्हणजे मोकळ्या गळ्याचा. तो शब्द नसेल तर गाणे स्टुडिओतल्या मऊ, कुजबुजत्या आवाजात येते, जे कानबाईच्या गाण्याला अजिबात शोभत नाही. एवढे करूनही समाधान झाले नाही तर यंत्राकडून नुसते वाद्यसंगीत घ्यावे आणि गाणे मंडळातल्या बायकांनीच म्हणावे. माझे वैयक्तिक मत विचाराल तर तो मार्ग पहिलाच असायला हवा होता.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो असून भजनी मंडळात हार्मोनियम वाजवतो. मुक्ताबाईंच्या पालखीच्या वेळी लावण्यासाठी त्यांचा एक अभंग 'राग भैरवी, भजनी ठेका' असे लिहून तयार करून पाहिला. पखवाज ऐवजी तबला आला, मागे गिटारचे कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक सूर) आले आणि भैरवीचा पत्ताच नव्हता.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : रागाचे नाव यंत्राला चलन, म्हणजे सुरांची ठरलेली चाल, म्हणून कळत नाही, ते त्याला एक रंग म्हणून कळते. 'राग' हा शब्द ज्या ध्वनिमुद्रणांसोबत येतो त्यांत सतार, तानपुरा, तबला असतात, म्हणून तेवढे येऊन बसतात. कोमल रिषभ, गंधार, धैवत, निषाद कोठे लागावेत याची खात्री कोणताही प्रॉम्प्ट देऊ शकत नाही, हे आपल्यासारख्या सूर ओळखणाऱ्या माणसाने आधीच मान्य केलेले बरे. भैरवीच्या जवळ जायचे असेल तर पाश्चात्त्य संगीतात त्या स्वरांच्या सप्तकाला 'फ्रिजियन मोड' म्हणतात, ते शब्द घालून पाहावेत; कधीकधी यंत्र त्याला रागाच्या नावापेक्षा बरा प्रतिसाद देते, पण गायकीतले भैरवीचे लचक त्यातून येत नाहीत.

कॉर्डच्या त्रासाला मात्र उपाय आहे. पुष्कळ जण शैलीतच 'नो गिटार, नो कॉर्ड्स' असे लिहितात, आणि नेमके तेच वाजते, कारण वर्णनात नाव आले की त्या वाद्याची आठवण जागी होते आणि नकार दुर्लक्षिला जातो. सुनोमध्ये वगळायच्या गोष्टींसाठी वेगळी चौकट आहे. 'गिटार, पियानो, स्ट्रिंग्ज, तबला' हे तेथे लिहावे. शैलीत काय हवे तेवढेच असावे : 'डिव्होशनल भजन, मेल लीड विथ मेन्स कोरस रिपीटिंग ईच लाइन, पखावज, मंजीरा, हार्मोनियम, तानपुरा ड्रोन, मोनोफोनिक मेलडी, ७५ बीपीएम, लाइव्ह इन अ स्मॉल हॉल'. 'मोनोफोनिक मेलडी' म्हणजे कॉर्डविना एकच सुरावट. हातातल्या टाळांसाठी 'मंजीरा' हा हिंदी शब्द वापरला आहे, कारण 'टाळ' लिहिल्यास यंत्र त्याचा अर्थ 'ताल' असा घेण्याची शक्यता असते.

तालाविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भजनी ठेका आणि केरवा हे आठ मात्रांचे असल्याने यंत्राच्या सवयीच्या चार-चारच्या मापात सहज बसतात. दादऱ्याच्या सहा मात्रांसाठी 'सिक्स-एट' लिहिले की बहुतेक वेळा जमते. सात मात्रांचा रूपक किंवा चौदा मात्रांची दीपचंदी मागितली तर यंत्र दोन आवर्तनांतच घसरून चारवर येते. त्यात वेळ घालवू नये. लयीचा आकडा हवा असेल तर आपल्या मंडळाचे मुद्रण लावून १५ सेकंदांतले ठोके मोजावेत आणि चारने गुणावे. विलंबित लयीत यंत्र कधीकधी दुप्पट धरते, ७० सांगितल्यावर १४० ठोक्यांचे संगीत देते. अशा वेळी आकडा बदलत बसण्यापेक्षा त्याच्या शेजारी 'स्लो, अनहरीड' असे शब्द घालावेत.

प्रश्न : सातपुड्यातल्या होळीवर आम्ही काही मित्र छोटा माहितीपट करत आहोत. चित्रीकरण अक्कलकुवा तालुक्यातले आहे. पार्श्वसंगीतासाठी 'पावरी' (हे तिथले फुंकवाद्य) आणि 'आदिवासी ढोल' असे लिहिले, तर आफ्रिकी ढोलांसारखे आणि बासरीसारखे काहीतरी आले.
— एक विद्यार्थी, शहादा

उत्तर : 'ट्रायबल ड्रम्स' या इंग्रजी शब्दांखाली जगभर जे संगीत विकले जाते तेच यंत्राने दिले. पावरीचे नाव त्याला माहीत नाही, त्यामुळे ते सोडून दिले गेले किंवा बासरीत बदलले. माहीत नसलेल्या वाद्यासाठी नियम असा की नावाऐवजी नादाचे वर्णन लिहावे : ते कशाचे बनले आहे, फुंकतात की आघात करतात, आवाज पातळ की भरडा, सूर सलग की तुटक. पावरीसाठी 'लो बझिंग रीड पाइप विथ गोर्ड बॉडी, कंटिन्युअस नेझल ड्रोन' असे काही लिहिता येईल. संबळाच्या बाबतीत 'पेअर ऑफ स्मॉल ड्रम्स प्लेड विथ स्टिक्स, वन हाय अँड शार्प, वन लो अँड बेंडिंग' हे वर्णन नुसत्या नावापेक्षा बरे फळ देते. होळीत नाचणाऱ्यांच्या कमरेचे घुंगरू आणि सुके भोपळे यांचा आवाज 'रॅटलिंग वेस्ट बेल्स, ड्राय गोर्ड रॅटल्स' असा मागता येतो.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे आपल्याच चित्रीकरणातला ढोलाचा तुकडा साधनात चढवून त्यावर पुढचे संगीत घेणे. सुनो आणि स्टेबल ऑडिओ या दोन्हींत ध्वनिफीत चढवण्याची सोय आहे. त्यासाठी ज्यांनी वाजवले त्यांची परवानगी घ्यावी, आणि ती घेताना त्यांचे वादन कोठे जाणार आहे हे त्यांना समजेल अशा भाषेत सांगावे.

तरीही मला एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. माहितीपट होळीचाच असेल तर तिचा आवाज यंत्राकडून घेण्याचे कारण काय? प्रेक्षक पडद्यावर काठी गावची राजवाडी होळी पाहणार आणि कानांनी कोठल्यातरी संगणकाने अंदाजाने केलेला ढोल ऐकणार, आणि तो तिथलाच आहे असे समजणार. यंत्राचे संगीत रस्त्याच्या दृश्यांना, नकाशाला, नामावलीला वापरावे, आणि नामावलीत तसे लिहावे. होळीच्या दृश्यांखाली तेथलाच आवाज असू द्यावा. तो खरखरीत मुद्रित झाला असला तरी चालेल.

प्रश्न : लग्नाच्या हळदीसाठी डीजेवर वाजेल असे गाणे हवे आहे. एका प्रसिद्ध गायकाचे नाव लिहिले की साधन नकार देते. नाव न लिहिता तसाच आवाज कसा आणायचा?
— एक तरुण, धुळे

उत्तर : 'तसाच' आणण्याचा नाद सोडावा. नावावर बंदी घालण्यामागे कारण आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणात अंतरिम आदेश देऊन त्यांचे नाव, आवाज आणि गायनशैली परवानगीशिवाय, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी उचलण्यास मनाई केली. नावाचे स्पेलिंग मोडून लिहिण्याच्या युक्त्या फिरत असतात. त्या वापरून केलेले गाणे सार्वजनिक ठिकाणी वाजवणे म्हणजे उद्याचे दुखणे आजच विकत घेणे आहे.

त्या गायकाचा आवाज आपल्याला का आवडतो, याचा मात्र विचार करावा आणि ते लिहावे : वरच्या पट्टीतला, किंचित खरखरीत, ओळीच्या शेवटी श्वास सोडणारा, की छातीतून येणारा भरदार? हे सगळे गुण कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. हळदीसाठी '१३० बीपीएम, पाउंडिंग फोर-ऑन-द-फ्लोर किक, हाय क्रॅकिंग स्नेअर रोल्स, सिंथ ब्रास हुक, हस्की मेल व्होकल, क्राउड शाउट्स' एवढे पुरे आहे. 'ताशा' ऐवजी वरच्या, तडतडणाऱ्या स्नेअरचे वर्णन मुद्दाम दिले आहे. पहिली ओळ सुरू होण्याआधी वाद्यांना थोडी जागा हवी असेल तर शब्दांच्या वर चौकटी कंसात 'इन्स्ट्रुमेंटल इंट्रो' लिहावे, ध्रुपदाच्या वर 'कोरस' आणि कडव्याच्या वर 'व्हर्स'. ही खुणेची नावे इंग्रजीतच लिहावीत, नाहीतर यंत्र ती गाऊन टाकते.

प्रश्न : तोच प्रॉम्प्ट पुन्हा दिला तर वेगळेच गाणे येते. मग प्रॉम्प्ट चांगला की वाईट हे ठरवायचे कसे?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : प्रत्येक वेळी सुरुवात यादृच्छिक असते, म्हणून एका गाण्यावरून निकाल देऊ नये. तोच प्रॉम्प्ट काही वेळा चालवून सर्व गाण्यांत काय समान आले ते पाहावे. समान आले ते आपल्या शब्दांमुळे, बाकीचे योगायोगाने. नंतर एका वेळी एकच शब्द बदलावा. लय, वाद्य आणि आवाज तिन्ही एकदम बदलले तर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही. एखादे गाणे योगायोगानेच उत्तम आले असेल तर तो योगायोग जपून ठेवावा आणि तेच पुढे वाढवण्याची सोय वापरावी. प्रॉम्प्ट घोटत बसू नये.

प्रश्न : शाळेच्या कार्यक्रमासाठी बहिणाबाईंच्या कवितेला यंत्राकडून चाल लावून घेतली तर चालेल का? आणि जे गाणे तयार होईल त्याची मालकी कोणाची?
— एक शिक्षिका, जळगाव

उत्तर : बहिणाबाई चौधरी यांचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी झाले आणि त्यांच्या कवितांचा संग्रह त्यानंतर १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची मुदत आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजली जाते, त्यामुळे १९५२ मध्ये छापल्या गेलेल्या रचनांची मुदत २०१२ अखेर संपली. एखादी रचना नंतरच्या आवृत्तीत प्रथमच छापली गेली असेल तर तिची मुदत त्या वर्षापासून मोजावी. या कवितांना पूर्वीच्या संगीतकारांनी लावलेल्या चाली आणि त्यांची ध्वनिमुद्रणे यांचे हक्क मात्र वेगळे आहेत. ते मुद्रण यंत्रात चढवून 'यासारखे कर' असे म्हणू नये.

मालकीचे उत्तर इतके सरळ नाही. १९५७ च्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने अशी तरतूद आली की संगणकाने निर्माण केलेल्या कृतीच्या बाबतीत, ती ज्याच्यामुळे निर्माण झाली ती व्यक्ती लेखक मानावी. पण ती तरतूद लिहिली गेली तेव्हा एका ओळीवरून अख्खे गाणे देणारी साधने नव्हती. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात, नुसता प्रॉम्प्ट लिहिल्याने माणूस त्या निर्मितीचा लेखक ठरत नाही, अशी भूमिका घेतली आहे. जे शब्द आपण स्वतः लिहिले ते आपलेच राहतात. यंत्राने दिलेल्या चालीवर तेवढाच भक्कम दावा सांगता येईल असे गृहीत धरू नये. शाळेच्या कार्यक्रमाला यातले काहीच आड येत नाही.

प्रश्न : मोफत खात्यात तयार केलेले गाणे नंतर पैसे भरून धंद्यासाठी वापरता येते का?
— वरील बचत गटाच्याच सचिव, रावेर तालुका

उत्तर : सुनोच्या अटींनुसार मोफत खात्यातील गाणी व्यापारी वापरासाठी नाहीत, आणि नंतर सशुल्क योजना घेतली म्हणून आधीच्या गाण्यांना तो हक्क आपोआप मिळत नाही. म्हणून प्रॉम्प्ट आणि शब्द मोफत खात्यात पक्के करावेत, आणि वेफर्सच्या जाहिरातीचे अंतिम गाणे योजना चालू असताना नव्याने तयार करून लगेच उतरवून घ्यावे. उतरवून घेण्याचा आग्रह यासाठी की जून २०२४ मध्ये सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर या संगीत कंपन्यांनी सुनो व युडिओवर दावे दाखल केल्यापासून या क्षेत्रातले नियम वरचेवर बदलत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये युनिव्हर्सलशी समझोता झाल्यावर युडिओने गाणी उतरवून घेण्याची सोयच बंद केली. गाण्याच्या फाइलसोबत प्रॉम्प्ट, शब्दांची यंत्रासाठी लिहिलेली प्रत, तारीख आणि पैसे भरल्याची पावती एकाच फोल्डरमध्ये ठेवावी.